सोड्यांचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. टाळलं, असं म्हणणं जास्त खरं होईल. दरवर्षी विहारात बायकोच्या स्मृतिदिनाला मला चार शब्द बोलायला उभं करतात. मी तिच्या आजारपणाबद्दल बोलतो, मुलीनं केलेल्या धावपळीबद्दल बोलतो, आणि शेजारच्या ताईंचा विषय आला की घोटभर पाणी पिऊन खाली बसतो. लोकांना वाटतं, मला भरून आलं. मुलीलाही यातलं काही माहीत नाही. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मी हे मराठीत लिहायला बसलो त्यामागे तेही एक कारण असावं.

ताई म्हणजे आमच्या इंग्लंडमधल्या, स्टॅनमोरच्या घराला भिंत लागून असलेल्या घरातल्या. मूळच्या हाँगकाँगच्या. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं ग्लासगोत बांधून न्यायच्या जेवणाचं टेकअवे दुकान चालवण्यात उभं आयुष्य काढलं, आणि म्हातारपणी तिथल्या थंडीला कंटाळून ते दोघं इकडे आले. मुलगा तिकडेच राहिला. ताईंचं इंग्रजी ग्लासगोच्या वळणाचं, त्यावर त्यांच्या स्वतःच्या भाषेचे हेल. मला सुरुवातीला निम्मं कळत नसे. बायकोला मात्र सगळं कळायचं. तिनंच त्यांना ताई म्हणायला सुरुवात केली, अर्थही सांगितला, आणि मग त्या हिला सिस्टर म्हणू लागल्या. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते आपल्या भाषेत लिहितो आहे.

बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि नंतर केमो सुरू झाली. त्या हिवाळ्यात तिला अन्न समोर नको व्हायचं. मऊ भात, मुगाचं कढण, हॉस्पिटलनं दिलेले गोड शेक, काहीही दिलं तरी उलटून पडायचं. एका रविवारी ताई दारात आल्या. हातात स्टीलचा फ्लास्क. म्हणाल्या, "गरम आहे तोवर दे तिला. मी आत येत नाही, मला सर्दी आहे."

मी वाटीत ओतलं. फिकट सोनेरी, आरपार दिसणारं पाणी. त्यात एक कणही नव्हता. बायकोनं वाटी नाकाशी नेली आणि चक्क हसली.

"अहो, सोडे आहेत यात."

"काहीतरीच."

"माझं नाक केमोनं गेलेलं नाही. सोडेच आहेत. तुम्ही घरात शिजवू दिले नाहीत ना, आता शेजारून आले बघा."

ते खरं होतं. सुकी मासळी मी आमच्या घरात कधी येऊ दिली नव्हती. कौन्सिलच्या ऑफिसात माझ्या कोटाला वास येईल, ही भीती नोकरीत लागली आणि निवृत्तीनंतरही गेली नाही. ती माहेरी गेली की जवळा, बोंबील, सोडे पोटभर खाऊन यायची, आणि इथे परतताना विमानतळावर मला सांगायची, "हुंगून बघा, कपडे धुऊन आणलेत."

तिनं ती वाटी संपवली. मी बादली जवळ घेऊन बसलो. काही झालं नाही. सूप पोटात राहिलं. संध्याकाळी तिनं आणखी अर्धी वाटी मागितली.

मग ते सुरूच झालं. ताई एक फ्लास्क आणायच्या, रिकामा झालेला घेऊन जायच्या. बायकोनं एकदा खिडकीतून विचारलं, यात घालता तरी काय. त्या खालूनच म्हणाल्या, "पांढरा मुळा. सोडे. वाळवलेल्या शिंपल्यांच्या वड्या. आल्याच्या चकत्या. आणि गॅस बारीक ठेवून टीव्ही बघत बसायचं." बायकोच्या चेहऱ्यावर जरा रंग दिसू लागला होता. निदान मला तसं वाटत होतं.

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या आजोबांच्या गावात वरच्या आळीत पंगत झाली की आमच्या वस्तीतल्या लोकांना मागच्या दाराशी बोलवत. डाळीवरचं, मटणावरचं पाणी गाळून ते उंचावरून आमच्या भांड्यात ओतत. आतलं सगळं आत राहायचं. ते भांडं धरायला माझे वडील जात असत, लहानपणी. पुढे आमच्या लोकांबरोबर त्यांनी धम्म स्वीकारला, गाव सोडलं, आणि घरात एकच नियम ठेवला: ओतून दिलेलं घ्यायचं नाही. जो आपल्याबरोबर बसून जेवतो, त्याच्याच घरचं खायचं. मी हा नियम इंग्लंडला घेऊन आलो. बायकोच्या माहेरीही हाच इतिहास होता, पण तो तिच्या अंगावर एवढा बसला नव्हता. "तुमच्या वडिलांचं बरोबरच होतं," ती म्हणायची, "पण प्रत्येक ओतणारा तो नसतो."

एका दुपारी मी रिकामा फ्लास्क द्यायला बाजूच्या फाटकातून ताईंच्या मागच्या दाराशी गेलो. दाराला काच आहे. आत टेबलावर दोघं नवराबायको जेवत होते. मधे मोठी ताटली. तिच्यात मुळ्याचे मऊ झालेले तुकडे, शिंपल्यांच्या वड्यांचे सुटलेले धागे, आणि सोडे, ढीगभर सोडे. ते चॉपस्टिकनं एकेक तुकडा उचलत होते, काळ्या सॉसमध्ये बुडवत होते, आणि खात होते. ओट्यावर आमच्यासाठीचा दुसरा फ्लास्क भरून, झाकण लावून ठेवलेला.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. आमच्या वाट्याला वरचं पाणी, आणि आतलं सगळं त्यांच्या ताटात. मी पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस, कौन्सिलचा निवृत्त इंजिनियर, स्वतःच्या मालकीच्या घराशेजारी उभा, आणि मला वाटलं की माझ्या हातात फ्लास्क नाही, वडिलांचं ते भांडं आहे. मी तो पायरीवर ठेवला आणि आवाज न करता परत आलो.

तासाभरानं ताई भरलेला फ्लास्क घेऊन आल्या. मी थँक यू म्हटलं. दार लावलं. स्वयंपाकघरात गेलो आणि सूप बेसिनमध्ये ओतलं.

वरून बायकोचा आवाज आला. "अहो, ताई आल्या होत्या का? वास येतोय."

"नाही. त्यांच्या घरी शिजतंय. तिकडून येतोय."

"मग येतील थोड्या वेळानं," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस मी हेच केलं. पण ताई यायच्या थांबेनात, आणि रोज खोटं बोलणं मला जड जाऊ लागलं. खरं कारण सांगायची माझी तयारी नव्हती. ते सांगायचं तर आजोबांपासून सुरुवात करावी लागली असती, तीही दारात उभं राहून. म्हणून एका सकाळी मी म्हणालो, "ताई, आता सूप आणू नका. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. मागच्या वेळी ते प्यायल्यावर तिला फार त्रास झाला. रक्त पडलं."

त्या एक पायरी खाली उतरल्या. स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"माझ्या सूपनं?"

मी म्हणालो, "हो."

त्या गेल्या. आमच्याकडचा रिकामा फ्लास्कही न घेता गेल्या, आणि त्यानंतर आमच्या दारात आल्या नाहीत.

बायको वाट बघत राहिली. तिनं आता पलंग खिडकीला लावून घेतला, तिथून ताईंचं फाटक दिसायचं. "ताईंचं काही बिनसलंय का हो?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "कंटाळल्या असतील. परक्या माणसानं करायचं तरी किती?" ती म्हणाली, "ताई तशा नाहीत." आणि नंतर कधीतरी, डोळे मिटलेले असताना, "मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले असेन. तुम्ही जाऊन विचारता का?" मी जातो म्हणालो. गेलो नाही. हिवाळा संपायच्या आत ती गेली.

सूप चालू राहिलं असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. पण तिच्या पोटात राहत होतं ते तेवढंच, आणि आपल्याकडून ताई दुखावल्या असं मनात घेऊन ती गेली.

अंत्यविधीला ताई आल्या होत्या. अगदी मागे, दाराजवळ उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत. मला तेव्हा ते ठीकच वाटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

त्यानंतरची वर्षं आम्ही शेजारी म्हणून काढली. कचऱ्याच्या डब्यांचा दिवस बदलला की एकमेकांना सांगायचं, एवढंच. त्यांचे यजमान वारले तेव्हा मी कार्ड टाकलं. मी बरोबर होतो, यावर माझा विश्वास होता. ज्याला आतून राग असतो त्याला पुरावा लागत नाही, आणि मी तर काचेतून डोळ्यांनी बघितलं होतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कम्युनिटी सेंटरनं म्हाताऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा गरम जेवण सुरू केलं. ज्याला येईल त्यानं आपल्याकडचं काहीतरी रांधायचं. मी भाज्या चिरायला जायचो, घरात बसून तरी काय करणार. एका आठवड्यात ताईंची पाळी आली, आणि तिथल्या बाईनं आम्ही शेजारी आहोत म्हणून मला त्यांच्या हाताखाली दिलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

त्यांनी पिशवीतून लांबलचक पांढरे मुळे काढले. सोडे, शिंपल्यांच्या वड्या, आलं. मी ओळखलं काय होणार आहे ते.

"साल जाड काढा," त्या म्हणाल्या. "आणखी जाड. सालाखाली जाळी दिसते ना, तीसुद्धा गेली पाहिजे. ती राहिली की कडू होतं."

मी सोलत राहिलो. त्यांनी वड्या एका वाडग्यात आणि सोडे दुसऱ्यात कोमट पाण्यात भिजत घातले होते. मुळे झाल्यावर पुढचं काम म्हणून मी सोड्यांचा वाडगा उचलला, सोडे हातानं अडवले, आणि पाणी बेसिनमध्ये ओतलं. आई करायची तसं. आपल्याकडे सोड्यांचं पहिलं पाणी टाकूनच देतात.

ताई आवाजानं वळल्या.

"काय केलंत हे?"

"पाणी टाकलं. वाळू असते ना त्यात."

"वाळू मी घरून धुऊन आणली होती." त्या बेसिनपाशी आल्या आणि जाळीकडे बघत राहिल्या. "तुम्ही सूप ओतून दिलंत."

"सूप कुठं, पाणी होतं ते."

"पाणीच तर सूप असतं." मग त्यांना माझ्या तोंडाकडे बघून हसू आलं. "बरं झालं आणखी एक पुडकं आणलंय. माझ्या सासूसमोर हे केलं असतंत ना, तर तिनं तुम्हाला भर थंडीत बाहेर काढलं असतं."

मीही हसलो. पण हात ओले होते, आणि बेसिनमधून तोच वास वर येत होता.

मोठ्या पातेल्यात सगळं चढलं. ताईंनी गॅस एवढा बारीक केला की पाणी नुसतं थरथरत होतं. मीठ अगदी शेवटी, वर पांढरी मिरपूड. मग त्यांनी गाळणं घेतलं आणि सगळं गाळलं. मुळा, वड्या, सोडे एका ट्रेमध्ये काढून भिंतीकडे सरकवले. स्वच्छ सूप दुसऱ्या पातेल्यात.

पहिल्या टेबलावर एक निवृत्त बसड्रायव्हर बसतो. सगळ्यांची टिंगल करायची त्याला सवय आहे. त्यानं आपल्या वाडग्यात वाकून बघितलं. "आतला माल कुठं गेला हो? चांगलं चांगलं आत ठेवून घेतलंत वाटतं?"

मी त्याच्या मागेच वाडग्यांची चळत धरून उभा होतो. जे मी इतकी वर्षं मनात धरलं होतं, ते त्यानं थट्टेत सगळ्यांसमोर विचारलं.

ताई म्हणाल्या, "चांगलं? अहो, तो चोथा आहे. त्यात काय राहिलंय आता? सगळं सूपमध्ये उतरलं. पाहुण्याला काय चोथा वाढायचा? तो आम्ही रांधणारे खातो, सोया सॉस लावून, टाकवत नाही म्हणून."

"म्हणजे तुम्ही उरलेलं खाता?"

"आयुष्यभर तेच खाल्लंय. सूप पाहुण्याला, सूप आजाऱ्याला. आजाऱ्याच्या सूपमध्ये तर मी तुकडासुद्धा जाऊ देत नाही."

मी चळत टेबलावर ठेवली, नाहीतर पडली असती. खुर्ची ओढून बसलो. मला ती ताटली दिसत होती, काचेपलीकडची. ते दोघं नवराबायको आमच्या सूपचा चोथा खात होते. उरलेलं त्यांनी घेतलं होतं. आम्हाला दिलं नव्हतं.

ताई वाढत वाढत माझ्यापाशी आल्या. पळी पातेल्यातून वर आली, भरलेली. माझ्या वाडग्यावर थांबली. मग त्यांनी ती हळूच परत पातेल्यात रिकामी केली.

"तुमच्यासाठी मी चीज सँडविच ठेवलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या घरी हे सोसत नाही."

मी रिकाम्या वाडग्याकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं असावं की मी रागावलो. त्या आणखी खाली वाकल्या. "घाबरू नका. त्यानंतर मी कुठल्याही आजारी माणसाला हे दिलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. शेवटी शेवटी फार मागत होते. पण माझा धीर झाला नाही."

त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी ते सँडविच खाल्लं. दुसरं काही करता येईल हे सुचलंच नाही.

घरी येऊन ओट्याखालच्या कपाटातून ताईंचा राहून गेलेला तो फ्लास्क काढला. एका माणसाला त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याच बायकोनं सूप नाकारलं, आणि का, तर मी एका सकाळी दारात उभा राहून "हो" म्हणालो होतो. त्या बाईंना खरं सांगायलाच हवं होतं. नुसतं सांगायला जाणं मला जमणार नव्हतं, म्हणून सूप करायचं ठरवलं. बसनं चिनी दुकानात गेलो आणि सोडे घेऊन आलो. आमच्या त्या घरात पहिल्यांदाच.

मुळ्याची साल जाड काढली. सोडे भिजवले, आणि पाणी राखलं. पातेलं चढवलं तेव्हाच मुलीचा फोन आला.

"बाबा, काय करतो तू?"

"सूप करतोय."

"तू? कुठला सूप?"

"मुळ्याचं. सोडे घालून."

"आई म्हणायची की तू सोडे घरात अलाऊ नाही करत. बाबा, तू ठीक आहे ना?"

ठीक आहे म्हणालो. घरभर तो वास पसरला. बायकोच्या खोलीतही गेला. मी वर जाऊन दार बंद करायला निघालो होतो, ते उघडंच ठेवलं.

काय बोलायचं ते इंग्रजीत मनाशी पाठ केलं आणि फ्लास्क घेऊन बाजूच्या फाटकातून गेलो. अंगणात एक गाडी उभी, तिचं मागचं दार उघडं, आत खोकी. ताईंचा मुलगा त्यांना ग्लासगोला न्यायला आला होता. हिवाळाभर, असं म्हणत होते. खोकी जास्त होती.

ताई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी फ्लास्क बघितला. "हा तुमच्याकडे होता होय."

"सूप आहे. मी केलंय."

त्यांनी झाकणात ओतून घोट घेतला. "मीठ आधी घातलंत." आणखी एक घोट. "आलं जास्त झालं. पण पाणी ठेवलंत."

"ताई, त्या हिवाळ्यात..." मी सुरुवात केली.

त्यांनी हात वर केला. "थांबा. आधी मला बोलू द्या, पुन्हा भेट होईल न होईल. सिस्टर म्हणाली होती, तिला सोड्यांचा वास आवडतो. तिच्या आईच्या घरचा वास आहे म्हणाली. म्हणून मी मूठभर जास्त घालायचे. आजारी पोटाला ते बाधलं. मला कळायला हवं होतं. तिची माफी मागायची राहून गेली, म्हणून तुमची मागते." आणि त्यांनी हात जोडले. तसे हात जोडायला माझ्या बायकोनं त्यांना शिकवलं होतं.

बोलायची वेळ हीच होती. वाक्य तोंडात तयार होतं. एवढ्यात मुलगा आत आला आणि त्यानं विचारलं, हे खोकं जायचंय की राहायचंय. ताई त्याच्याकडे वळल्या, मग परत माझ्याकडे. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

मी म्हणालो, "असू द्या, ताई. होतं असं कधी कधी."

मी त्यांना क्षमा केली. जे त्यांनी केलंच नव्हतं त्याबद्दल. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले, मला थँक यू म्हणाल्या. मी फाटकातून माझ्या घरी आलो आणि कोट अंगात तसाच ठेवून जिन्याच्या पायरीवर बसलो. आपण आत्ता काय केलं, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

मुलाकडून नंबर घेतला होता. नंतर मी फोन केले. ग्लासगोत बर्फ पडतोय का, गुडघे कसे आहेत, स्टॅनमोरच्या घराच्या दाराखाली आलेली पत्रं पाठवू का. त्यांना बरं वाटायचं, माझा आवाज ऐकून. दर वेळी फोन ठेवताना मी ठरवायचो, पुढच्या वेळी नक्की. ट्रेननं जाऊन समोर बसून सांगायचं, असंही एकदा ठरवलं. वसंत ऋतूत मुलाचाच फोन आला. ताई झोपेतच गेल्या. त्यानं सांगितलं, त्या माझ्याबद्दल चांगलं बोलायच्या.

शेजारच्या घरासमोर आता विक्रीची पाटी आहे. माझ्या कपाटात सोड्यांचं अर्धं पुडकं आहे. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात जे बोलायला गेलो होतो, ते एवढंच होतं:

ताई, तुमच्या सूपनं तिला काहीही झालं नव्हतं. रक्त पडलं नव्हतं, डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. तेवढंच तिच्या पोटात राहत होतं. ती रोज तुमची वाट बघत होती, आणि मी ते ओतून देत होतो. तुमच्या यजमानांना तुम्ही ते खुशाल देऊ शकला असता. मी खोटं बोललो, ताई. मला माफ करा.